डेंटिस्ट नाही, डेंटल हायजिनिस्ट: बारावीनंतरचा एक कमी ओळखीचा रस्ता

इअरफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि एसटीत रेंज गेली म्हणून इथे येऊन वाचणाऱ्यांनाही. आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले "बघा", "म्हणजे" थोडेसे तसेच ठेवलेत, समजून घ्या.

गेल्या काही महिन्यांत आलेल्या मेसेजेसमध्ये एक प्रश्न सारखा येतोय. शब्द वेगळे असतात, पण सूर एकच. "ताई, बारावी सायन्स झालंय. नीटला मार्क बरे आहेत, पण सरकारी डेंटल कॉलेज मिळेल इतके नाहीत. घरचे म्हणतात, कर्ज काढू पण प्रायव्हेटला बीडीएस करच. मला मात्र तू करतेस ते हायजिनिस्टचं काम आवडेल असं वाटतं. करू का?"

मी स्वतः डेंटल हायजिनिस्ट आहे. पुण्यात हिरड्यांच्या एका स्पेशालिस्टकडे काम करते. त्यामुळे "हो, करा" असं म्हणायला मला आवडलं असतं. पण या प्रश्नाचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. एक, तुम्हाला दिवसभर नेमकं काय करायला आवडतं. आणि दोन, तुम्हाला ते कुठे करायचंय, म्हणजे भारतात की बाहेर. दोन्ही आज नीट बघू.

हायजिनिस्ट करते तरी काय?

बऱ्याच जणांना वाटतं, डॉक्टरांच्या बाजूला उभी राहून हत्यारं हातात देणारी मुलगी म्हणजे हायजिनिस्ट. ती असिस्टंट. तिचं कामही महत्त्वाचं आहे, पण वेगळं आहे. हायजिनिस्ट स्वतः पेशंटच्या तोंडात काम करते.

समजा, पंचावन्न वर्षांच्या एक मावशी आल्यात. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, तोंडाला वास येतो. डॉक्टरांनी तपासून माझ्याकडे पाठवलंय. मी आधी विचारते: शुगर आहे का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? मिशेरी लावता का? मग एक बारीक खुणांची सळई, तिला प्रोब म्हणतात, ती प्रत्येक दाताभोवती हिरडीच्या फटीत हलकेच घालून खोली मोजते. साधारण तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चार-पाचच्या पुढे आकडे जायला लागले, की हिरडी दातापासून सुटत चालली आहे हे कळतं.

मग स्केलिंग. अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक खूप वेगानं थरथरतं, सोबत पाण्याची धार असते, आणि दातावरचं किटण सुटून येतं. जिथे मशीन पोचत नाही तिथे हातानं, क्युरेट वापरून. शेवटी पॉलिश. हे झालं की मी आरसा मावशींच्या हातात देते आणि ब्रश कसा धरायचा ते त्यांनाच करून दाखवायला लावते. माझ्या मते कामातला सगळ्यात अवघड भाग हाच. दगडासारखं किटण काढता येतं हो, पण तीस वर्षांची ब्रश आडवा घासायची सवय काढणं सोपं नाही.

आणि मध्येच, गालाच्या आतल्या बाजूला एखादा पांढरा चट्टा दिसतो. मिशेरी, तंबाखू, गुटखा आपल्याकडे किती आहे ते मी सांगायला नको. तो चट्टा कसला आहे हे ठरवणं माझं काम नाही, तो माझा अधिकारही नाही. पण तो बघणं आणि लगेच "डॉक्टर, जरा इकडे या" म्हणणं, हे माझं काम आहे. त्या एका हाकेमुळे पुढच्या तपासण्या वेळेवर होऊ शकतात.

एक गैरसमज इथेच मोडून टाकते, कारण हायजिनिस्ट झालात तर रोज ऐकाल: "क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात." असं होतं बघा. हिरडी आणि हाड आधीच झिजलेलं असतं. किटणाच्या थरानं ते ढिले दात एकमेकांना जखडून ठेवलेले असतात. थर निघाला की खरी परिस्थिती दिसते. दात आधीपासूनच ढिले होते. हे पेशंटला न घाबरवता, न रागावता समजावता आलं पाहिजे.

एवढ्याशा सफाईनं काय फरक पडतो?

पडतो, आणि त्याचे जुने पुरावे आहेत. 1965 साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथं हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना, त्यात बरेचसे डेंटलचे विद्यार्थी होते, दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा सफाई सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. म्हणजे सूज येते ती दातावर साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरामुळे, आणि सुरुवातीलाच तो काढला तर ती परतही जाते.

दुसरं उदाहरण स्वीडनमधल्या कार्लस्टाड गावचं. तिथे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पेर अ‍ॅक्सेलसन आणि यान लिंडे यांनी मोठ्या माणसांचा एक गट घेतला. त्यांना ठरावीक काळानं बोलवायचं, कुठे घाण राहते ते रंग लावून दाखवायचं, घरी सफाई कशी करायची ते शिकवायचं आणि दात साफ करून द्यायचे. हे काम हायजिनिस्ट करत होती. 30 वर्षांनी मोजलं तेव्हा, वयाच्या कुठल्याही गटात माणशी सरासरी दोनसुद्धा दात गेलेले नव्हते. तीस वर्षांत! आपल्या घरातल्या साठीच्या माणसांचे किती दात शिल्लक आहेत ते एकदा मोजून बघा, मग या आकड्याचं वजन कळेल.

त्यात डायबेटिसचा धागाही आहे. शुगर वाढलेली असेल तर हिरड्यांचा आजार लवकर बळावतो, आणि हिरड्यांत सूज राहिली तर शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. दोन्ही बाजूंनी. ज्या देशात घरटी कुणाला ना कुणाला शुगर निघते, तिथे हे काम बिनमहत्त्वाचं कसं असेल?

हा पेशा आला कुठून?

अमेरिकेत कनेटिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाचं गाव आहे. तिथले डेंटिस्ट आल्फ्रेड फोन्स यांच्या लक्षात आलं, की दात किडल्यावर भरत बसण्यापेक्षा आधीच साफ ठेवणं जास्त उपयोगी आहे, पण तेवढा वेळ डेंटिस्टकडे नसतो. म्हणून 1906 मध्ये त्यांनी आपल्या असिस्टंटला, आयरीन न्यूमन यांना, दात साफ करायला शिकवलं. 1913 मध्ये पहिला वर्ग सुरू केला. त्यातून तयार झालेल्या मुली ब्रिजपोर्टच्या शाळांमध्ये जाऊन पोरांचे दात साफ करायच्या, ब्रश शिकवायच्या. 1917 मध्ये आयरीन न्यूमन यांना कनेटिकटचं लायसन्स मिळालं, जगातल्या पहिल्या परवानाधारक हायजिनिस्ट त्याच.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला, की घरी कुणी म्हणालं "हायजिनिस्ट म्हणजे डेंटिस्ट व्हायचं जमलं नाही ती" तर तुमच्याकडे उत्तर असावं. डेंटिस्ट जे काम वेळेअभावी करू शकत नव्हते, ते करायला हा पेशा तयार झाला.

भारतात कायदा काय म्हणतो?

हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. 1948 च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्ये डेंटिस्टसोबत डेंटल हायजिनिस्टचीही व्याख्या आहे. दात साफ करणं, किटण काढणं, पॉलिश करणं आणि दातांच्या स्वच्छतेचं शिक्षण देणं, हे तिचं काम. राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे तिची वेगळी नोंदणी होते. 2023 मध्ये संसदेनं या जुन्या कायद्याच्या जागी नॅशनल डेंटल कमिशनचा कायदा मंजूर केला. त्यामुळे नियमांची व्यवस्था बदलते आहे. अ‍ॅडमिशन घेताना चालू नियम काय आहेत ते विचारूनच पुढे जा.

कोर्स दोन वर्षांचा डिप्लोमा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. बीडीएसला नीट आणि इंटर्नशिप धरून पाच वर्षं लागतात.

आता जे करता येत नाही तेही सांगते. निदान करता येत नाही. दात काढता येत नाही, भरता येत नाही, रूट कॅनाल करता येत नाही. आपल्याकडे डेंटिस्टच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. नावापुढे "डॉ." लागत नाही. आणि हायजिनिस्टचा डिप्लोमा करून पुढे मधल्या वर्षात बीडीएसला शिरता येईल असा रस्ता नाही. पुढे मन बदललं तर नीटपासून सुरुवात. ज्यांना आतून कुठेतरी "डॉक्टर" म्हणवून घ्यायचंय, त्यांनी हे आत्ताच स्वतःशी कबूल करावं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण दोन वर्षांनी तीच गोष्ट सलायला लागली तर त्रास होतो.

आता पैशाचं आणि नोकरीचं बोलू

इथे जरा सावरून बसा.

देशात तीनशेहून जास्त डेंटल कॉलेजेस आहेत. दर वर्षी हजारो बीडीएस बाहेर पडतात. प्रत्येकाला स्वतःचं क्लिनिक टाकणं परवडत नाही. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह, जागेचं डिपॉझिट, सगळं मिळून खर्च मोठा होतो. त्यामुळे नवीन बीडीएस झालेले बरेच जण दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये कमी पगारावर काम करतात, आणि तिथे त्यांच्या वाट्याला पहिलं काम येतं ते स्केलिंगचंच.

याचा फटका कुणाला बसतो? हायजिनिस्टला. मी नोकरी शोधत होते तेव्हा एका क्लिनिकच्या मालकांनी मला सरळ सांगितलं होतं, "याच पगारात मला बीडीएस झालेली मुलगी मिळते, ती स्केलिंगपण करते आणि फिलिंगपण. मग तुला का घेऊ?" बोलणं कडवट होतं, पण हिशेब बरोबर होता. आपल्याकडच्या छोट्या क्लिनिकचं गणित असंच चालतं.

मग हायजिनिस्टला जागा कुठे मिळते? हिरड्यांच्या स्पेशालिस्टकडे, मोठ्या शहरांतल्या चार-पाच खुर्च्यांच्या क्लिनिकमध्ये, कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या दंतविभागात, डेंटल कॉलेजमध्ये आणि सरकारी नोकरीत. महाराष्ट्रात आरोग्य खात्याच्या भरतीत हे पद "दंत आरोग्यक" या नावानं येतं, हा शब्द लक्षात ठेवा. नाहीतर जाहिरात डोळ्यांसमोरून जाईल आणि कळणार नाही. रेल्वेतही पद असतं. पण किती? 2024 च्या रेल्वे पॅरामेडिकल भरतीत एकूण 1376 जागा होत्या. त्यातल्या डेंटल हायजिनिस्टच्या होत्या 3. हो, तीनच.

म्हणजे सरकारी नोकरीच्या आशेवर हा कोर्स करू नका. ती मिळाली तर छान, पण घर तिच्या भरवशावर चालवायचं ठरवू नका.

मग प्रायव्हेट बीडीएस हाच शहाणपणा का? तसंही नाही. वर्षाला काही लाख फी, पाच वर्षं, त्यावर व्याज, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा त्याच कमी पगाराच्या रांगेत उभं राहणं. घरच्यांशी बोलताना "डॉक्टर की हायजिनिस्ट" असा प्रश्न मांडू नका. कागद घ्या, दोन रकाने करा. एकात बीडीएसचा पूर्ण खर्च, कर्जाचा हप्ता आणि नोकरी लागेपर्यंतची वर्षं. दुसऱ्यात डिप्लोमाची फी, दोन वर्षं आणि तुमच्या जिल्ह्यात हायजिनिस्ट ठेवणाऱ्या क्लिनिकची संख्या. ही संख्या फोन करून काढा. वीस क्लिनिकना फोन केलेत आणि एकानंही "आमच्याकडे हायजिनिस्ट आहे" असं म्हटलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे. मग शहर बदलायची तयारी हवी.

"ताई, मी बाहेर जाईन ना!"

हे वाक्य जवळपास प्रत्येक मेसेजमध्ये असतं. कारण इंटरनेटवर अमेरिकेतले आकडे दिसतात. ते खोटे नाहीत. तिथल्या सरकारी आकडेवारीनुसार 2023 मध्ये हायजिनिस्टचा मधला वार्षिक पगार सुमारे 87 हजार डॉलर होता. डेंटिस्टचा त्याच्या जवळजवळ दुप्पट, पण तिथे डेंटिस्ट व्हायला साधारण आठ वर्षं आणि डोंगराएवढं कर्ज लागतं. म्हणून तिथली मुलं "डेंटिस्ट नको, हायजिनिस्टच बरं" असं म्हणतात, तेव्हा त्यांचा हिशेब खरंच जुळतो. अनेक राज्यांत हायजिनिस्ट भूल देण्याचं इंजेक्शनही देते. कोलोरॅडोमध्ये 1980 च्या दशकापासून ती स्वतंत्र व्यवसायही करू शकते. ब्रिटनमध्ये 2013 पासून पेशंट डेंटिस्टकडे न जाता थेट हायजिनिस्टकडे जाऊ शकतो.

पण तो हिशेब जसाच्या तसा उचलून नाशिकला किंवा लातूरला लावता येत नाही.

आणि आपला डिप्लोमा घेऊन विमानात बसलं की काम मिळतं, असंही नाही. अमेरिकेत साधारणपणे तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजचंच हायजिनचं शिक्षण लागतं, मग राष्ट्रीय बोर्डाची परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. गंमत म्हणजे फ्लोरिडासारख्या राज्यात परदेशी बीडीएस झालेल्यांना हायजिनिस्टची परीक्षा देता येते. म्हणजे आपल्याकडून डॉक्टर होऊन गेलेले काही जण तिथे हायजिनिस्ट म्हणून काम करतात. ब्रिटनमध्येही परदेशी डेंटिस्टना हायजिनिस्ट म्हणून नोंदणी करता यायची, ती वाट 2023 मध्ये बंद झाली. नियम असे बदलतात. एजंटच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवून घर गहाण टाकू नका. त्या देशाच्या नोंदणी संस्थेची वेबसाइट स्वतः वाचा. इंग्रजी अडलं तर कुणाकडून तरी वाचून घ्या, पण वाचा.

मग कुणी करावं?

ज्यांना हातानं बारीक काम करायला आवडतं. ज्यांना एकच गोष्ट दहाव्यांदा समजावताना चिडायला होत नाही. ज्यांना रक्त, लाळ, तोंडाचा वास यांनी मळमळत नाही. हे हसण्यावारी नेऊ नका, दिवसभर तेच असतं. ज्यांना मान, पाठ, मनगट सांभाळायची शिस्त आहे, कारण वाकून वाकून पाठ जाते आणि ती लवकर जाते. ज्यांना रात्रीची ड्युटी, इमर्जन्सी नको आहे. आणि ज्यांना "तू डॉक्टर का नाही झालीस?" हा प्रश्न लग्नकार्यात ऐकून घेता येतो.

कुणी करू नये? फक्त नीट हुकली म्हणून, काहीतरी "मेडिकल" हवं म्हणून. तसंच असेल तर आधी फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री, डायलिसिस टेक्निशियन, नर्सिंग हे पर्यायही बघा. काही ठिकाणी त्यांना जागा जास्त निघतात. त्याच रेल्वे भरतीत डायलिसिस टेक्निशियनच्या 20 जागा होत्या.

फी भरण्याआधी हे विचारा

एक: हा डिप्लोमा झाल्यावर राज्याच्या डेंटल कौन्सिलमध्ये डेंटल हायजिनिस्ट म्हणून नोंदणी होते का? कॉलेजचं तोंडी "हो" धरू नका, कौन्सिलला विचारा. सहा महिन्यांचे "डेंटल असिस्टंट" सर्टिफिकेट कोर्स वेगळे, त्यांवर ही नोंदणी मिळत नाही.

दोन: दोन वर्षांत प्रत्यक्ष पेशंटवर किती स्केलिंग करायला मिळतं? की नुसतं मॉडेलवर?

तीन: मागच्या दोन बॅचच्या मुली आज कुठे आहेत? दोघींचे नंबर मागा. कॉलेजनं टाळाटाळ केली तर समजून जा.

चार: एका क्लिनिकमध्ये निदान एक आठवडा रोज दोन तास नुसतं बसून बघा. ओळखीच्या डेंटिस्टना विनंती करा, बरेच जण हो म्हणतात. आठवड्याच्या शेवटी कंटाळा आला असेल तर ते आत्ता कळलेलं बरं.

माझं विचाराल तर मला हे काम आवडतं. सहा महिन्यांनी पेशंट परत येतो, मी प्रोब घालते आणि पाचाचा आकडा तीनवर आलेला असतो. पेशंटला त्यातलं काही कळत नाही, तो म्हणतो "आता रक्त येत नाही ब्वा." मला त्या आकड्याचा आनंद होतो. तुम्हाला असल्या छोट्या गोष्टींनी बरं वाटत असेल, आणि वरचे चारही प्रश्न विचारून, दोन रकान्यांचा कागद भरूनही मन हायजिनिस्टकडेच जात असेल, तर जरूर या. आपल्याकडे या कामाची गरज भरपूर आहे. पदं मात्र अजून तेवढी निघत नाहीत. हे माहीत असू द्या.

कागदावर काय आकडे आले ते मला व्हॉइस नोटनं कळवा, जिल्ह्याचं नाव सांगायला विसरू नका. पुढच्या भागात दातांच्याच जगातल्या तिसऱ्या माणसाबद्दल बोलू, कवळ्या आणि कॅप बनवणाऱ्या डेंटल मेकॅनिकबद्दल. तोवर रात्री झोपण्याआधी ब्रश. दोन मिनिटं. आडवा नाही!